पूर्ण वाक्यात उत्तर

मास्तरांची दुभाषी म्हणून निवड झाली ती त्यांच्या भाषाज्ञानामुळे नव्हे, पासपोर्टमुळे. वेटलिफ्टिंगच्या राष्ट्रीय संघाबरोबर नेहमी जाणारा दुभाषी ऐन निघायच्या आठवड्यात जिन्यावरून घसरला आणि पाय मोडून बसला. या स्पर्धांत चालणारी परकी भाषा येणारे जे चार-दोन जण संघटनेला घाईघाईत सापडले, त्यांत पासपोर्ट चालू असलेला एकच निघाला. मास्तरांनी तो परदेशी राहणाऱ्या मुलीकडे जायचं म्हणून काढला होता. पण दरवर्षी मुलगीच इकडे यायची, त्यामुळे तो कपाटात कोरा करकरीत पडून होता.

"अहो, मला खेळातलं ओ की ठो कळत नाही," मास्तर फोनवर म्हणाले.

"उचलायचं तिला आहे," पलीकडून कोचबाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त बोलायचं."

नेमकं तेच मास्तरांना अवघड होतं. उभा जन्म त्यांनी शाळेत परकी भाषा शिकवण्यात घालवला, पुस्तकांची कपाटंच्या कपाटं वाचून काढली. पण वर्गाबाहेर चार माणसांत तोंड उघडायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. लग्नकार्यात ते कोपऱ्यातली खुर्ची धरून बसत आणि कुणी बोलायला आलं तर उठून पाणी प्यायला जात. तरी इथे शब्द दुसऱ्याचे असणार होते. शब्द आपले नसले म्हणजे चूकही आपली नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि होकार दिला.

जिच्यासाठी बोलायचं होतं तिला सगळे चिमणी म्हणत. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून घरच्यांनी ठेवलेलं हे नाव, पुढे ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट लोखंड डोक्यावर धरायला लागली तरी तिला चिकटून राहिलं. तिच्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान होतं. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे. लहानपणापासून तीच त्यांना लोखंडी अँगल आणि पाइप उचलून द्यायची. आई लहानपणीच गेली. बापलेक दोघंच, आणि दोघंही घुमे. संघात नवीन आलेल्या माणसाला वाटायचं की पोरगी रुसली आहे. कोचबाई सांगायच्या, "रुसलेली नाही. ती खूश आहे. तशीच दिसते."

त्या वर्षी चार मोठ्या स्पर्धा होत्या. हिवाळ्यातली पहिली, आणि शरदात जागतिक अजिंक्यपद. चिमणीला पहिल्या स्पर्धेत कुणी मोजतही नव्हतं. ती तिसरी आली.

पत्रकार परिषदेची खोली म्हणजे एक लांबट टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या, समोर खुर्च्यांच्या रांगा. आत जाता जाता कोचबाईंनी मास्तरांना पद्धत समजावली. "ती 'मी' म्हणाली की तुम्हीही 'मी'च म्हणायचं. 'ती असं म्हणते' वगैरे नाही. तुम्ही इथे नाहीच असं समजा." मास्तरांना हे फार आवडलं. आपण नाहीच, ही कल्पना त्यांना नेहमीच सोयीची वाटत आलेली होती.

जाड चष्म्याच्या एका परदेशी वार्ताहर बाईंनी विचारलं, "शेवटच्या खेपेला वजनांचा बार डोक्यावर होता तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं?"

मास्तरांनी प्रश्न चिमणीला सांगितला.

"जड होतं," चिमणी म्हणाली.

मास्तर थांबले. पुढे काहीतरी येईल म्हणून त्यांनी मान तिरकी केली. "आणखी?"

"आणखी काय? जड होतं."

समोर पेनं वर उचललेली. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला. आणि मास्तरांच्या आतला परीक्षक जागा झाला. तोंडी परीक्षेला त्यांच्याकडे अशी कितीतरी पोरं येऊन गेली होती. भिंतीकडे बघत एका शब्दात उत्तर देणारी, डोक्यात सगळं असून ओठावर काही न येणारी. नियम होता: पूर्ण वाक्यात उत्तर दिलं तरच पूर्ण गुण, एका शब्दाला अर्धा. मास्तर काय करायचे, तर त्या पोराचा शब्द हळूच उचलायचे, "म्हणजे तुला असं म्हणायचंय ना, की..." असं म्हणत वाक्य पुरं करायचे, आणि पोराने मान हलवली की पूर्ण गुण देऊन टाकायचे. मास्तरांच्या हातून एकही पोर तोंडी परीक्षेत नापास झालं नव्हतं.

त्यांनी घसा खाकरला आणि माइककडे झुकून त्या परक्या भाषेत म्हणाले, "लोखंड जड असतं हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण ते आपल्याला किती जड आहे, हे आपण उचलल्याशिवाय कळत नाही."

पेनं झरझर चालली. जाड चष्मेवाल्या बाईंनी तर वर बघून चिमणीला हसून मान डोलावली. चिमणीनेही डोलावली.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "मास्तर, मी एवढंसं बोलले, तुम्ही एवढं मोठं. असं का?"

मास्तर खिसे चाचपू लागले. "त्यांची भाषाच जरा लांबट आहे," ते म्हणाले.

चिमणीला ते पटलं. जरा चालून गेल्यावर ती म्हणाली, "बिचारे. तहान लागली तर पाणी मागेपर्यंत जीव जात असेल."

एकदाच झालं असतं तर विसरून जाता आलं असतं. पण नेहमीच्या दुभाष्याचा पाय वर्षभर काही धड झाला नाही, आणि वसंतातल्या स्पर्धेत चिमणीच्या हातून शेवटचा बार निसटला आणि ती चौथी आली. जाड चष्मेवाल्या बाई तिच्यासाठी खास थांबून राहिल्या होत्या. काय चुकलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा चिमणी म्हणाली, "हात सुटला." मास्तरांनी सांगितलं, "आपण काय धरून ठेवलं होतं, हे बरेचदा हात सुटल्यावरच समजतं." उन्हाळ्यात चिमणीने सुवर्ण मारलं. आता काय करणार, या प्रश्नाला तिचं उत्तर होतं, "झोपणार." मास्तर म्हणाले, "जिंकलेल्या दिवशी माणूस झोपायला भितो, कारण सकाळी उठलं की तो पुन्हा सगळ्यांसारखाच असतो. म्हणून मी आज मुद्दाम लवकर झोपणार आहे."

आपण काय करतोय हे मास्तरांना कळत नव्हतं असं नाही. दर वेळी हॉटेलच्या खोलीवर आल्यावर ते स्वतःला बजावायचे की पुढच्या खेपेला जसंच्या तसं सांगायचं. पण खरं सांगायचं तर, त्यांना मजा येऊ लागली होती. एवढी वर्षं मनातल्या मनात रचलेली वाक्यं कुणीतरी लिहून घेत होतं. स्वतःच्या नावावर ती बोलायची त्यांची छाती कधीच झाली नसती. चिमणीच्या नावावर ती सहज निघत होती. आणि पोरीचं कौतुक होत होतं, त्यात वाईट काय, असं ते पुन्हा स्वतःलाच विचारत आणि उत्तर न देता दिवा मालवत.

जाड चष्मेवाल्या बाईंनी चिमणीवर मोठा लेख लिहिला. 'लोखंडाशी बोलणारी मुलगी.' तो इकडच्या वर्तमानपत्राने भाषांतर करून छापला. या भाषेतून त्या भाषेत जाऊन-येऊन झिजल्यामुळे ते पहिलं वाक्य आटोपशीर झालं होतं: 'लोखंड किती जड, हे उचलल्यावरच कळतं.'

शरदातल्या सरावासाठी संघ पुन्हा एकत्र आला तेव्हा चिमणी मास्तरांशेजारी बाकावर येऊन बसली. बराच वेळ बुटांच्या पट्ट्या आवळत राहिली. मग म्हणाली, "मास्तर, हे पेपरवाले वाट्टेल ते छापतात का हो?"

"का गं?"

"बाबांनी ते वाक्य दुकानावर लावलंय. पत्र्याची अक्षरं कापून वेल्ड केलीत, शटरच्या वर. हाताएवढी एकेक. मी म्हटलं, बाबा, मी असं म्हटल्याचं मला आठवत नाही. तर म्हणतात, म्हणाली असशील, परमुलखात माणूस बोलून जातो." ती थांबली. एवढं सलग ती कधी बोलत नसे. "पदक दाखवलं तर हातात घेऊन 'छान' म्हणाले. त्या पाटीसमोर मात्र रोज उभे राहतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवतात. परवा मला म्हणाले, मला वाटायचं पोरगी माझ्यावर गेली, मुखदुर्बळ. पण तुझ्यात आहे काहीतरी."

मास्तरांनी चहाचा कप तोंडाला लावला. कप रिकामा होता, तरी त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

"पेपरवाल्यांना विचाराल का तुम्ही? कुठून आणलं म्हणून?"

"बघतो," मास्तर म्हणाले, आणि उठून पाणी प्यायला गेले.

त्याच आठवड्यात आंतरराष्ट्रीय महासंघाचं बोलावणं आलं. अजिंक्यपदाच्या उद्घाटनाला सगळ्या खेळाडूंच्या वतीने चिमणीने चार शब्द बोलावेत. ती इतकं सुंदर बोलते, असं त्यांनी मुद्दाम लिहिलं होतं. कोचबाईंनी आनंदाच्या भरात विचारायच्या आधीच होकार कळवून टाकला. चिमणीच्या तोंडचं पाणी पळालं. बारपुढे कधी न थरथरलेली पोरगी मास्तरांची बाही धरून म्हणाली, "तुम्हीच लिहून द्या. तुमच्याकडे एवढी पुस्तकं आहेत. मी पाठ करीन."

मास्तर घरी गेले ते चेहरा पाडूनच. बायको इस्त्री करत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, पहिल्या 'जड होतं'पासून.

बायको सगळं ऐकून घेईपर्यंत एक सबंध शर्ट झाला. मग म्हणाली, "यात नवीन काय?"

"म्हणजे?"

"अहो, माझंही तुम्ही असंच करत आलात की. कुणी आग्रह केला आणि मी नको म्हटलं, की तुम्ही लगेच, 'तिला जरा संकोच वाटतो.' मला कशाचा डोंबलाचा संकोच? मला नको असतं!"

"मी आपलं बरं दिसावं म्हणून..."

"कुणाला बरं दिसावं? माझं 'नको' चांगलं ठणठणीत होतं. तुम्ही त्याला शाल पांघरून बाहेर काढता." तिने इस्त्री उभी ठेवली. त्यांचा चेहरा पाहून तिचा आवाज खाली आला. "माझं सोडा. मला सवय झाली, आणि मला तुमची वाक्यं आवडतातही कधीकधी. पण त्या पोरीचा बाप आता भलत्याच मुलीवर खूश होऊन बसलाय. ते तुम्हालाच निस्तरायला हवं."

"ती माझ्याशी बोलणार नाही पुन्हा."

"तशीही ती फार बोलत नाही म्हणता ना?" बायको म्हणाली, आणि पुढचा शर्ट ओढला.

तरी मास्तरांना धीर व्हायला उद्घाटनाच्या आदला दिवस उजाडावा लागला. विमानात जमलं नाही, हॉटेलात जमलं नाही. शेवटी सरावाच्या हॉलमध्ये, आजूबाजूला देशोदेशीचे बार धाडधाड आदळत असताना, ते चिमणीसमोर जाऊन उभे राहिले. ती अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळत होती.

"भाषण लिहिलंत?"

"नाही. चिमणे, ते दुकानावरचं वाक्य पेपरवाल्यांनी बनवलेलं नाही. ते माझं आहे."

"कुठलं?"

"ते. आणि हात सुटल्याचं. आणि झोपेचं. सगळीच. तू एक शब्द बोलायचीस आणि पुढचं मी जोडायचो."

चिमणीने पट्टी दाताने तोडली. "म्हणजे त्यांची भाषा लांबट नाही?"

"नाही. आपल्याएवढीच आहे."

"मी उगाच वर्षभर त्यांची कीव केली."

मास्तरांना हसू आलं. ती मात्र हसली नाही, म्हणून त्यांचं हसू चेहऱ्यावरच अवघडून राहिलं. मग त्यांनी घाईघाईने शाळेतल्या तोंडी परीक्षेचं सांगितलं, अर्ध्या गुणाचं सांगितलं, भिंतीकडे बघणाऱ्या पोरांचं सांगितलं.

"म्हणजे माझं उत्तर अर्ध्या मार्कांचं होतं."

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. जड होतं, म्हणून मी म्हटलं जड होतं. त्यात काय कमी होतं?"



"आणि बाबा," चिमणी म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "बाबा कधी नव्हे ते बोलायला लागलेत. ते तुमच्याशी बोलतायत, मास्तर. त्यांना वाटतंय माझ्याशी बोलतायत."

तिने हाताला पकडीसाठी पांढरी पूड लावली आणि बारकडे गेली. त्या दिवशी तिने बार खाली ठेवला नाही, दर वेळी वरूनच सोडून दिला. कोचबाई मास्तरांजवळ येऊन कुजबुजल्या, "काय केलंत हो तुम्ही?" मास्तरांनी त्यांना पहिल्यांदा खरं उत्तर दिलं, "फार वाईट केलं." बाईंना वाटलं, मास्तर नेहमीप्रमाणे उगाच स्वतःला कमी लेखतायत.

दुसऱ्या दिवशी चिमणी भाषणाला येणार की नाही, हेच मास्तरांना ठाऊक नव्हतं. ती आली. संघाचा कोट, तेल लावून चापून बसवलेले केस, हातात कागद नाही. पडद्यामागे दोघं शेजारी उभे होते. पलीकडे वाद्यं वाजत होती, झेंडे आत येत होते. ती समोर बघतच म्हणाली, "मी म्हणेन तेवढंच सांगायचं. वर काही घालायचं नाही. आणि आतलं काही काढायचंही नाही."

"नाही काढणार."

"बघू," चिमणी म्हणाली.

हॉल प्रचंड होता. पहिल्या रांगेत महासंघाची मोठी माणसं होती, त्यांच्या मागे जाड चष्मेवाल्या बाई वही उघडून बसलेल्या. दोन माइक. एकासमोर चिमणी, दुसऱ्यासमोर मास्तर. चिमणीने माइक खाली ओढून घेतला.

"मी कमी बोलते," ती म्हणाली.

"मी कमी बोलते," मास्तरांनी त्या भाषेत सांगितलं. हॉलमध्ये हलकंसं हसू उमटलं. लोकांना ती थट्टा वाटली.

"या वर्षी पेपरात माझी म्हणून जी वाक्यं आली, ती माझी नाहीत. माझे दुभाषी खोटं बोलले."

 पद्धत पद्धत असते. 'मी' ते 'मी', 'माझे दुभाषी' ते 'माझे दुभाषी'. त्यांच्या डोक्यात तयार शब्द रांग लावून उभे राहिले: 'थोडा गैरसमज झाला', 'काही भर पडली', 'भाषेच्या ओघात'. सगळे सभ्य, सगळे इस्त्री केलेले. समोर हजारो माणसं होती आणि त्यांतल्या एकालाही दोन्ही भाषा येत नव्हत्या. कुणाला काही कळलं नसतं. चिमणीलाही कळलं नसतं. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. मान खाली घालून त्यांचा आवाज थांबायची वाट बघत होती, वर्षभर बघत होती तशीच.

"या वर्षी पेपरात माझी म्हणून जी वाक्यं आली, ती माझी नाहीत," मास्तर म्हणाले. "माझे दुभाषी खोटं बोलले."

 पहिल्या रांगेतल्या कुणीतरी शेजाऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. जाड चष्मेवाल्या बाईंनी चष्मा काढला.

चिमणी पुढे बोलू लागली. एक वाक्य, मग थांबणं. मास्तर तेवढंच सांगत, मग थांबत.

"मला विचारतात, काय वाटलं. तेव्हा काही वाटायला वेळ नसतो. बार वर जातो, पंचांचे तीन दिवे लागतात, मी खाली उतरते."

खेळाडूंच्या रांगांतून एकजण मोठ्याने 'बरोबर' म्हणाला. टाळ्या पडल्या. चिमणीने दचकून वर पाहिलं.

"माझे बाबा वेल्डिंग करतात. तेही बोलत नाहीत. आम्ही घरी एका खोलीत तासन्तास बसतो आणि कुणीच बोलत नाही. मला ते आवडतं. मला वाटायचं, त्यांनाही आवडतं." ती थांबली. मास्तरांनी ते सांगितलं. मग म्हणाली, "या वर्षी ती वाक्यं वाचून ते बोलायला लागले. तेव्हा मला कळलं की ते इतकी वर्षं वाट बघत होते."

हे सांगताना मास्तरांची नजर पाण्याच्या बाटलीकडे गेली. त्यांनी पाणी प्यायचं टाळलं आणि वाक्य शेवटपर्यंत नेलं.

"दुभाष्यांवर मी चिडले आहे. अजून चिडलेलीच आहे. पण माणूस वाईट नाही. विमान उडताना ते डोळे मिटतात आणि माझा हात इतका घट्ट धरतात की दुसऱ्या दिवशी मला बार नीट पकडता येत नाही. मी त्यांना हे सांगितलं नाही, कारण त्यांना वाईट वाटेल."

मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग पांढऱ्या मिशांचा, कोटाचं बटण चुकीच्या काजात घातलेला तो म्हातारा, भरल्या हॉलला, त्या भाषेतल्या नेटक्या उच्चारात सांगू लागला की, विमान उडताना ते डोळे मिटतात आणि माझा हात घट्ट धरतात. हसू मागच्या रांगांतून सुरू झालं आणि लाटेसारखं पुढे आलं. पहिल्या रांगेतली मोठी माणसंही हसली. हसता हसताच मास्तरांनी शेवटचं वाक्य पुरं केलं, आणि त्यांचे डोळे कधी भरून आले ते त्यांनाच समजलं नाही.

"झालं," चिमणी म्हणाली.

"झालं," मास्तर म्हणाले.

स्पर्धेत ती पाचवी आली. तिच्या गटात त्या दिवशी तिच्याहून चार जणी सरस होत्या, एवढंच. पत्रकार परिषद पहिल्या तिघींची असते, त्यामुळे दुभाष्याचं काही कामच पडलं नाही. चिमणी मास्तरांशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. पाणी द्या. बॅग कुठाय. पण ती कुणाशीही एवढंच बोलत असल्यामुळे आपल्याला माफी झाली की नाही, याचा मास्तरांना काही केल्या अंदाज येईना, आणि विचारायचं धाडसही होईना.

परतायच्या दिवशी सामान बसमध्ये चढलं. संघातले सगळे आत बसले. चिमणी पायरीवर पाय ठेवणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने नाव बघितलं आणि ती मागे सरून भिंतीशी जाऊन उभी राहिली.

"हं, बाबा."

उद्घाटनाचा कार्यक्रम घरी टीव्हीवर दाखवला होता. मास्तरांच्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं, ते आत्ता आलं: सबंध हॉलने मास्तरांचं ऐकलं, पण तिच्या बापाला मध्ये कुणीही लागलं नव्हतं. त्याने सगळं तिच्याच तोंडून ऐकलं होतं.

चिमणी फोन कानाला लावून ऐकत होती. काही बोलत नव्हती. मधेच 'हं' म्हणे. एकदा हसली. मग पाठ भिंतीला टेकवून हळूहळू खाली सरकली आणि उकिडवी बसली, बारपुढे बसते तशी, आणि दुसऱ्या हाताने बुटाच्या टोकावरची पांढरी पूड पुसत राहिली. मास्तर थोडे लांब, बसच्या दाराशी उभे होते. तिने त्यांच्याकडे बघितलं, फोनवर तळवा ठेवला आणि डोळे मोठे करून म्हणाली, "मास्तर, ते थांबतच नाहीयेत." आणि पुन्हा फोन कानाला लावला.

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. कोचबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो मास्तर, विमान चुकेल! कुणाचा फोन?"

"बाबांचा."

"काय म्हणतात ते?"

मास्तरांना ते सहज सांगता आलं असतं. तिच्या पाठीकडे बघून, तिच्या हसण्यावरून, बापाने काय म्हटलं असेल याची दोन सुरेख वाक्यं त्यांच्या मनात तयारही झाली होती.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी बसच्या पायरीवर एक पाय ठेवला, दुसरा खाली जमिनीवर, आणि दाराची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ते तसेच मध्ये उभे राहिले. ड्रायव्हर कुरकुरला, त्याने एकदा दार लावून बघितलं. दार मास्तरांच्या खांद्याला लागून परत उघडलं.